प्रथम मत्स्य प्रवेश

रविवारी सकाळी मान चुंग-यान यांच्या घरातलं पाणी पास झालं.

काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, नळी हलवायची आणि कोणता रंग येतो ते पाहायचं, अशी ती परीक्षा असते. हिरवा आला तर पाण्यात अमोनिया आहे, म्हणजे विष आहे. पिवळा आला तर नाही. चुंग-यान यांनी नळी खिडकीपाशी नेऊन आधी चष्मा लावून पाहिली, मग चष्मा काढून पाहिली, आणि बायकोला हाक मारली. पुई-शानने ओले हात पुसत सांगितलं की पिवळाच आहे. तिच्या आई, म्हणजे आमच्या इमारतीच्या सिट आजी, यांना कोणी विचारलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "पिवळा असो नाही तर जांभळा असो. मासा कुठंय?"

प्रश्न रास्त होता. नव्या टाकीत मासा लगेच सोडता येत नाही. माशाच्या घाणीचंच विष होतं आणि त्यात तो मरतो. ती घाण खाऊन टाकणारे जिवाणू आधी तयार व्हावे लागतात, आणि ते तयार व्हायचे तर त्यांना उपाशी ठेवून चालत नाही. म्हणून चुंग-यान महिनाभराहून जास्त काळ रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत होते. शास्त्राप्रमाणे ते बरोबर होतं. सिट आजींनी मात्र जिन्यात भेटेल त्याला सांगितलं होतं की जावई चांगला आहे, फक्त हल्ली तो पाण्याला जेवू घालतो.

हाँगकाँगच्या तो-क्वा-वान भागातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी तिसऱ्या मजल्यावर, मान कुटुंब पाचव्या. त्यांची मुलगी होइ-लाम नवऱ्याबरोबर मँचेस्टरला राहायला गेली तेव्हा तिच्या पलंगाची जागा मोकळी झाली. आमच्याकडच्या घरांत मोकळी जागा अशी नुसती राहत नाही, तिच्याबाबत निर्णय घ्यावा लागतो. पुई-शानला तिथे शिलाई मशीन हवं होतं. आजींना तांदळाचं पिंप ठेवायचं होतं. चुंग-यान म्हणाले, "काहीतरी जिवंत असू दे." त्यावर दोघींपैकी कोणी वाद घातला नाही.

तर पाणी पास झालं आणि तिघं मासा आणायला निघाली. दुसऱ्या मजल्यावर याम वहिनी दारात उभ्या होत्या.

"कुठं निघालात तिघं नटून?"

"मोंग कॉकला. गोल्डफिश गल्लीत," पुई-शान म्हणाली.

"पिशवीतला आणणार?"

त्या गल्लीत दुकानांबाहेर आकडे असतात, आकड्यांना पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या लटकतात आणि पिशव्यांत मासे असतात. सगळं शहर तिथून मासे घेत आलेलं आहे. पण याम वहिनींनी 'पिशवीतला' हा शब्द असा काही उच्चारला, की पुई-शानने नकळत आपली पर्स मागे लपवली.

"सगळेच पिशवीतले असतात ना वहिनी?"

"असायचे. आता चांगल्या घरातली माणसं तसला घेत नाहीत. माझ्या भावाने केंद्रातून घेतलाय. चार महिने खेटे घालावे लागले. पण मासा काय सांगू तुला, कोणी आलं-गेलं तरी नजर खाली करत नाही."

माशांना पापण्याच नसतात, हे चुंग-यान यांना पुस्तकं वाचून ठाऊक होतं. पण बायकोचा चेहरा पाहून त्यांनी ते सांगितलं नाही.

केंद्र त्याच गल्लीत, पण वर चौथ्या मजल्यावर होतं. नाव 'जलजीव स्थाननिश्चिती केंद्र'. जमिनीवर गालिचा होता, भिंतीतून वाहत्या पाण्याचा आवाज येत होता आणि मासा एकही दिसत नव्हता. प्रवेश-संचालिका मिस क्वान यांनी तिघांना बसायला सांगितलं.

"आम्हाला एक मासा विकत घ्यायचाय," चुंग-यान म्हणाले.

"हा शब्द आम्ही इथं वापरत नाही."

"कुठला? मासा?"

"विकत. इथं माशाला घर मिळतं. घराला मासा मिळतो, असं कोणी समजू नये म्हणून आधीच सांगते." त्यांनी पेन उघडलं. "माशाकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत?"

पुई-शान म्हणाली, "पोहावं त्याने."

"फक्त पोहावं?"

पुई-शानला जुनी मुलाखत आठवली. लेकीच्या बालवाडीच्या मुलाखतीत 'तिने खेळावं' असं उत्तर दिलं होतं तेव्हा समोरची बाई अशीच थांबली होती, आणि ती बालवाडी मिळाली नव्हती.

चुंग-यान सावरून बसले. ते फेरीबोट कंपनीच्या तक्रार विभागात नोकरीला आहेत. बोट उशिरा आली, छत्री समुद्रात पडली, तिकीट मशीनने गिळलं, अशा तक्रारींना उत्तरं लिहिण्यात त्यांची उभी हयात गेलेली. ते म्हणाले, "माशाच्या सर्वांगीण विकासाबाबत आमचं कुटुंब सकारात्मक असून, वेळोवेळी उद्भवणाऱ्या परिस्थितीनुसार योग्य तो विचार करण्यात येईल."

मिस क्वान यांनी पहिल्यांदाच मान वर केली. असं उत्तर त्यांना अनेक महिन्यांत मिळालं नव्हतं. सगळं तिथेच मार्गी लागलं असतं, पण त्यांनी रीत म्हणून आजींना विचारलं, "आपल्याला काही विचारायचंय?"

"केवढा होतो हा वाढून?"

"चार सेंटिमीटर."

"मग आलं-कांदापात चिरायचे कष्ट कोण घेणार," आजी म्हणाल्या.

मिस क्वान यांनी पेन मिटलं. दोन दिवसांनी निकाल कळवण्यात आला. वडिलांची वृत्ती उत्तम, आईची समाधानकारक. आजींची नजर आहारात्मक. सबब आजींनी केंद्राच्या दृष्टी-परिवर्तन वर्गाला बसावं आणि उत्तीर्ण झाल्यावरच पुढील विचार व्हावा.

"मी या वयात शाळेत जाऊ?" आजींनी विचारलं.

"आई, होइ-लामसाठी गेली असतीस ना?"

"होइ-लाम माझी नात आहे. तो अजून कोणाचा कोण आहे हेही ठरलेलं नाही."

तरीही त्या गेल्या. वर्गात एसी होता आणि त्यांच्यासारख्याच आठ-दहा आज्या होत्या, त्यामुळे त्यांना तो आवडला. शेवटच्या दिवशी परीक्षा झाली. पडद्यावर एकेका माशाचं चित्र दाखवत आणि मनात कोणती भावना येते ते विचारत. मोठ्या रुपेरी कार्पचं चित्र आलं. आजी म्हणाल्या, "आदर." परीक्षक भारावले. आजी उत्तीर्ण झाल्या. घरी येऊन त्यांनी लेकीला सांगितलं की कार्पला काटे इतके असतात की खाताना बोलायची सोय नाही, त्याला मान द्यावाच लागतो.

तिघं पुन्हा केंद्रात गेली. मिस क्वान यांनी आता शेवटचाच एक मुद्दा असल्याचं सांगितलं. "यापूर्वी तुमच्याकडे किती मासे होते?"

"एकही नाही. हा पहिलाच," चुंग-यान म्हणाले.

"पूर्वानुभव नसलेल्या घरात आम्ही मासा देत नाही."

"पण पहिला मासा मिळाल्याशिवाय अनुभव येणार कसा?"

"हा प्रश्न बरेच जण विचारतात," मिस क्वान म्हणाल्या. त्या बऱ्याच जणांचं पुढे काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि चुंग-यान यांनीही विचारलं नाही. "अशांसाठी अनुभव-मत्स्याची सोय आहे."

अनुभव-मत्स्य प्लास्टिकचा होता. रंग नारिंगी, पोटात बॅटरी. तो काही आठवडे सांभाळायचा. त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही. रोज सकाळी त्याला नावाने हाक मारायची. आणि टाकीत खाणं टाकायला सक्त मनाई, कारण प्लास्टिकचा मासा खात नाही.

"पण खाणं बंद केलं तर जिवाणू उपाशी मरतील," चुंग-यान म्हणाले. "पाणी पुन्हा नापास होईल."

"जिवाणू आमच्या कक्षेत येत नाहीत."

अनुभव-मत्स्य टाकीत आला. तो एकाच दिशेने फिरायचा, कोपऱ्यात गेला की अडकायचा आणि कोणीतरी हात घालून वळवेपर्यंत काचेवर डोकं आपटत राहायचा. चुंग-यान कामावरून आले की आधी त्याला वळवत, मग बूट काढत. पुई-शानने त्याच्यासमोर भांडायचं नाही म्हणून भांडणं स्वयंपाकघरात हलवली. स्वयंपाकघरात दोन माणसं मावत नाहीत, त्यामुळे भांडणंही कमी झाली. आजी त्याला लाडोबा म्हणू लागल्या.

"आई, त्याला कळत नाही काही," पुई-शान म्हणाली.

"तुझ्या बापाला तरी कुठं कळायचं. मी हाक मारायची सोडली का?"

एकदा होइ-लामचा व्हिडिओ कॉल आला. चुंग-यान यांनी फोन टाकीसमोर धरला. तिकडे ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हा प्लास्टिकचा आहे का?"

"तात्पुरता आहे," चुंग-यान म्हणाले.

"माझ्या पलंगाच्या जागी?"

"खरा यायचाय. प्रक्रिया चालू आहे."

फोन ठेवल्यावर ते टाकीसमोर उभे राहिले. मासा कोपऱ्यात अडकला होता. त्यांनी बाही वर करून त्याला वळवलं आणि बाही खाली करायचं विसरून तसेच जेवायला बसले.

मुदत संपली, टाकीतल्या पाण्याची बाटली तपासायला केंद्रात गेली, आणि तिसऱ्या दिवशी मिस क्वान यांचा फोन आला. आवाजात नेहमीचा मऊपणा नव्हता.

"तुमच्या पाण्यात नायट्रेट वाढलेलं आहे."

"म्हणजे घाण खाऊन नायट्रेट करणारे जिवाणू जिवंत आहेत," चुंग-यान आनंदाने म्हणाले. "पाणी उत्तम आहे."

"म्हणजे तुमच्या टाकीत कोणीतरी खातं आणि घाण करतं. अनुभव-मत्स्य खात नाही. याचा अर्थ तुमच्या घरी अघोषित मासा आहे."

चुंग-यान यांनी फोनवर हात ठेवून घरात पाहिलं. आजी शेंगा निवडत होत्या. त्यांनी शेंगांवरून नजर काढली नाही. "बघतोस काय असा? मी घालत होते. चिमूटभर, तू कामावर गेल्यावर. माझ्या घरात कोणी उपाशी राहत नाही, प्लास्टिकचं असलं तरी."

चुंग-यान यांनी ते जसंच्या तसं कळवलं. मिस क्वान म्हणाल्या की प्लास्टिकचा मासा उपाशी राहूच शकत नाही, त्यामुळे हा खुलासा ग्राह्य धरता येत नाही. तपासणी होईल.

दोन तपासनीस आले. पाच मजले चढून आल्यामुळे त्यांना आधी पाणी द्यावं लागलं, आणि त्यांनी पिण्याआधी ग्लास उजेडात धरून पाहिला. मग जाळी आणि टॉर्च घेऊन त्यांनी टाकी शोधली, पानांच्या मागे पाहिलं, फिल्टर उघडला. अघोषित मासा मिळाला नाही. त्यांनी न्हाणीघरातली बादली पाहिली, तांदळाचं पिंप पाहिलं, सूपच्या भांड्याचं झाकण उचललं. शेवटी धाकट्याने फ्रीझर उघडला आणि मोठ्याला हाक मारली.

फ्रीझरमध्ये एक मासा होता.

"हा शुक्रवारचा आहे," आजी म्हणाल्या. "खायचा."

मोठ्या तपासनिसाने मान हलवली. अशा घरांतून फिरल्याने त्याचं मन निबर झालेलं होतं. त्याने बोलत बोलत नोंद केली: मासा, एक. स्थिती, मृत. कारण, तपासाधीन. "याला हात लावू नका. हा पुरावा आहे." अनुभव-मत्स्याला त्यांनी पुढील संगोपनासाठी ताब्यात घेतलं. आजींनी दारातून त्याला हात केला.

शुक्रवारी आजींनी पुरावा वाफवला. वर आलं, कांदापात आणि सोया सॉस. चुंग-यान यांनी आधी नको म्हटलं, मग मान खाली घालून दोनदा भात घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेही केंद्राला जसंच्या तसं कळवलं.

केंद्रातली शेवटची भेट लहान झाली.

"पहिल्या माशाच्या गटात आता तुमचा विचार होऊ शकत नाही," मिस क्वान म्हणाल्या. "तुमचा पहिला मासा झालेला आहे."

"तो बाजारातून आणलेला पापलेट होता."

"सगळे असंच काहीतरी म्हणतात."

"मग दुसऱ्या माशाच्या गटात घ्या," पुई-शान म्हणाली.

"पहिला मासा संशयास्पद रीतीने मेला, आणि पुराव्यावर सोया सॉस घालण्यात आला. अशा घरात दुसरा मासा देण्याची जबाबदारी कोण घेईल? तुम्हीच सांगा, एक आई म्हणून."

तिघं लिफ्टने खाली आली. गल्लीत नेहमीची गर्दी होती आणि दोन्ही बाजूंना आकड्यांवर पिशव्या लटकत होत्या. आजी पहिल्याच दुकानापाशी थांबल्या आणि त्यांनी एका पिशवीकडे बोट केलं. आत राखाडी रंगाची, शेपटीला जेमतेम नारिंगी झाक असलेली एक गप्पी होती.

"ही का?" पुई-शानने विचारलं. "बाकीचे दिसायला किती छान आहेत."

"हिचं पोट भरलेलं आहे. खाऊन-पिऊन असलेली बरी."

दुकानदाराने पिशवी काढून आजींच्या हातात दिली, खाणं थोडं घाला म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

"थांबा," चुंग-यान म्हणाले. "तुम्ही आम्हाला काहीच विचारणार नाही?"

"काय विचारू?"

"आम्ही कोण, कुठले. घरातलं पाणी कसं आहे."

"बरं. कसं आहे?"

"उत्तम आहे."

"मग झालं की."

चुंग-यान यांना हे लागलं. इतक्या दिवसांत कमावलेली सगळी उत्तरं त्यांच्या जिभेवर होती आणि विचारणारं कोणी नव्हतं. "असा येईल त्याला देऊन टाकतात," ते बायकोला म्हणाले, "म्हणजे माशातच काहीतरी खोट असणार." पुई-शाननेही मान डोलावली. आजी तोवर बोटाला पिशवी अडकवून मिनीबसच्या थांब्याकडे निघाल्या होत्या, आणि त्यांच्या मागे जाण्यावाचून दोघांना गत्यंतर उरलं नाही.

घरी आल्यावर चुंग-यान यांनी पिशवी टाकीत तरंगत ठेवली, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट होऊ दिलं, मग गप्पीला हलकेच सोडलं. ती तळाशी गेली, पानामागे लपली, थोड्या वेळाने बाहेर आली आणि कोपऱ्यात शिरली. चुंग-यान यांचा हात आपोआप बाहीकडे गेला. पण ती स्वतःच वळली. तिला स्वतःहून वळताना पाहून त्यांनी जोरात नाक शिंकरलं. त्या संध्याकाळी पाचव्या मजल्यावर टीव्ही लागला नाही, असं चौथ्या मजल्यावरचे सांगतात.

पुढे जे झालं ते कोणत्याही दुकानदाराने सांगितलं असतं, जर त्याला कोणी विचारलं असतं. गप्पीचं पोट जेवणाने भरलेलं नव्हतं. आठवड्याच्या आत टाकीत डझनावारी पिल्लं दिसू लागली. महिन्याभराने तिने पुन्हा तेवढीच दिली, आणि तोवर पहिली मोठी झाली होती. होइ-लाम फोनवर मोजत बसायची आणि दर वेळी चुकायची. पण टाकी लहान होती. एका सकाळी चुंग-यान यांनी नळी हलवली तर पाण्यावर पोपटी छटा आली. त्यांनी घाईघाईने निम्मं पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोपटी.

"देऊन टाक लोकांना," आजी म्हणाल्या. "नाहीतर सगळीच जातील."

त्यांनी खाली दरवाजाशी पाटी लावली: 'माशांची पिल्लं. फुकट. पाचवा मजला.' आठवडाभर पाटीकडे कोणी फिरकलं नाही. फुकट देतायत म्हणजे रोगट असणार, असं याम वहिनी म्हणाल्या, आणि मलाही ते पटलं. गल्लीतल्या दुकानदाराने सांगितलं की लोकच त्याच्याकडे गप्पी बादल्या भरभरून आणून टाकतात, त्याला नको. एक पिल्लू सकाळी पाण्यावर आडवं तरंगताना मिळालं. पुई-शान त्या दिवशी कामावर उशिरा गेली.

शनिवारी चुंग-यान यांनी जुनी पाटी काढली आणि कार्यालयीन अक्षरात नवी लावली: 'प्रथम मत्स्य प्रवेश. फक्त मुलाखतीद्वारे. जागा मर्यादित. इच्छुकांनी आपलं पाणी बाटलीत घेऊन यावं. आज्यांची मुलाखत स्वतंत्र होईल.'

रविवारी सकाळी रांग पाचव्या मजल्यापासून रस्त्यापर्यंत गेली होती. पलीकडच्या दोन इमारतींतली माणसं आली होती. काहींनी मुलांना टाय बांधला होता. याम वहिनी सगळ्यांत पुढे होत्या, भावाला घेऊन, कारण भावाच्या माशाला एकटं वाटतं असं त्यांचं म्हणणं होतं. चुंग-यान टाकीशेजारी सूट घालून बसले होते आणि प्रत्येकाला अपेक्षा विचारत होते. सिट आजी दाराशी कोळंबी सोलत आज्यांकडे पाहत होत्या. पहिल्या दोन कुटुंबांना त्यांनी नाकारलं. बाहेर ती बातमी कळताच रांग आणखी वाढली. दुपारी पुई-शानने पाणी तपासलं तेव्हा ते पुन्हा पिवळं होतं आणि टाकीत गप्पीबरोबर मोजकीच पिल्लं उरली होती.

रांगेत मीही होतो. माझं उत्तर चांगलं गेलं. सर्वांगीण विकास हा शब्द मी दोनदा वापरला. मासा मिळाला नाही, पण प्रतीक्षा यादीत नाव आहे, आणि पुढच्या खेपेची पिल्लं याच महिन्यात अपेक्षित आहेत. आता खरं सांगायचं तर माझ्याकडे टाकी नाही. मासे मला आवडतात असंही नाही. पण सकाळी दार उघडावं आणि समोर जिन्यात माणसं हातात पाण्याची बाटली धरून गंभीर चेहऱ्याने उभी असावीत, तर आत जाऊन आपलीही एक बाटली भरून आणण्यात गैर काय आहे?

तुम्ही रांगेत थांबला नसतात, हे मला मान्य आहे. तसंही आता यादी बंद झालेली आहे. ओळख लावायची असेल तर मात्र लवकर कळवा.